लोखंडी कपाटातली 2010 ची लेओव्हिल बार्टन

प्रश्न पुण्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचा आहे. मुलगी-जावई फ्रान्समध्ये, तुलूझला असतात. नातीचा जन्म 2010 चा, म्हणून जावयांनी त्याच सालची ‘शातो लेओव्हिल बार्टन’ ही रेड वाइन आणून दिली आणि सांगितले, नात एकवीस वर्षांची झाली की सगळे मिळून उघडू. बाटलीने बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, चार उन्हाळे काढले आहेत. विचारायचे ते तीन गोष्टींबद्दल. ही 2031 पर्यंत टिकेल का? इंटरनेटवर ही ‘दुसऱ्या श्रेणीची’ वाइन असल्याचे वाचले, तर जावई फसले का? आणि उघडायचीच झाली तर कशी, कशाबरोबर?

तीस वर्षे वाइनच्या नोकरीत काढली. आधी मुंबईत हॉटेलात टेबलावर वाढण्यात, मग तळघर सांभाळण्यात, आणि आता नवीन मुलांना शिकवण्यात. या काळात हा प्रश्न मला कितीतरी वेगवेगळ्या रूपांत आला. बाटली बदलते, कपाट तेच असते. तेव्हा तुम्हाला नावडेल ते आधीच सांगून टाकतो: ही बाटली 2031 पर्यंत ठेवू नका. वाइन कमी पडणार नाही, ती तोपर्यंत सहज टिकेल. कमी पडेल ते कपाट.

पण त्याआधी तो ‘दुसऱ्या श्रेणी’चा डाग धुऊन काढू, कारण जावयांवर विनाकारण आळ आलेला दिसतो.

आपल्याकडे ‘सेकंडचा माल’ म्हटले की शिलाई उसवलेला शर्ट डोळ्यांसमोर येतो. इथे तसे काही नाही. 1855 साली पॅरिसला मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तिसऱ्या नेपोलियनचा काळ. नैऋत्य फ्रान्समधल्या बोर्दो भागाच्या वाइन मांडायच्या तर कोणत्या, आणि कोणत्या क्रमाने, असा प्रश्न पडला. तेव्हा बोर्दोच्या दलालांना यादी करायला सांगितले. दलालांनी चव घेऊन गुण दिले नाहीत. त्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षांचे भाव लिहिलेले होते, त्यावरून त्यांनी पाच पायऱ्या पाडल्या. ज्या वाइनला सर्वांत जास्त भाव, ती पहिल्या पायरीवर. आज त्या यादीत बोर्दोच्या मेदोक पट्ट्यातल्या आणि शेजारच्या ग्राव्ह भागातल्या एका शातोच्या, म्हणजे वाड्यासकटच्या मळ्याच्या, मिळून 61 रेड वाइन आहेत, त्यांतल्या फक्त 5 पहिल्या पायरीवर आणि 14 दुसऱ्या. त्या चौदांपैकी एक तुमच्या साड्यांखाली आहे. बोर्दोत हजारो मळे आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे ‘दुसरी’ या शब्दाचे वजन कळेल. ती यादी जवळजवळ जशीच्या तशी चालत आली. ठळक बदल एकच, 1973 साली ‘मूतों रॉथशिल्ड’ दुसऱ्या पायरीवरून पहिल्यावर गेली.

आता ही बार्टन मंडळी. नाव फ्रेंच वाटत नाही ना? तिथले लोक ‘बार्तों’ म्हणतात, पण घराणे आयरिश. थॉमस बार्टन 1722 साली आयर्लंडहून बोर्दोला आले आणि 1725 पासून वाइन खरेदी करून जहाजाने पाठवण्याच्या धंद्यात जम बसवला. घराण्यात त्यांना ‘फ्रेंच टॉम’ म्हणत. गंमत अशी की एवढी वाइन हाताखालून जात होती, पण मेदोकमध्ये घराण्याची आजची बाग यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. थॉमस यांचे नातू ह्यू बार्टन. 1793 मध्ये, राज्यक्रांतीच्या दहशतीच्या काळात, त्यांना तुरुंगात जावे लागले. सुटल्यावर ते आयर्लंडला निघून गेले आणि बोर्दोतला व्यवहार त्यांचे भागीदार दानिएल गेस्तिए यांनी सांभाळला. दोघांचे नाव लावलेली ‘बार्टन अँड गेस्तिए’ ही व्यापारी पेढी पुढे जगभर पोहोचली. भागीदार देशाबाहेर, मागे माणूस एकटा, आणि तरी हिशेब चोख, यावर आपल्याकडे एखादी मालिका निघाली असती.

याच ह्यूंनी 1821 मध्ये सँ जुलियाँ गावातला लांगोआ हा शातो घेतला आणि 1826 मध्ये शेजारच्या लेओव्हिल इस्टेटीचा सुमारे चौथा हिस्सा. लेओव्हिल ही क्रांतीपूर्वी एका उमराव घराण्याची एकसंध, अवाढव्य मालमत्ता होती. क्रांतीनंतर तिच्या वाटण्या झाल्या. आज तिचे तीन भाग आहेत: लेओव्हिल लास काझ, लेओव्हिल प्वाफेरे आणि लेओव्हिल बार्टन. सातबारा फुटावा तसा प्रकार, फक्त इथे तिन्ही तुकडे 1855 च्या यादीत दुसऱ्या पायरीवर आहेत.

बार्टनच्या वाट्याला जमीन आली, वाडा आला नाही. लेओव्हिल बार्टनला स्वतःचा शातोच नाही. लेबलवर जी देखणी इमारत दिसते ती लांगोआची, 1758 सालची. दोन्ही वाइन त्याच आवारात बनतात. दोन्हींचे मालक तेच, माणसे तीच, तरी लांगोआ तिसऱ्या पायरीवर आणि लेओव्हिल दुसऱ्या. फरक मातीचा. मी तिथे उभा राहून दोन्ही एकामागून एक चाखल्या आहेत. लांगोआ लवकर बोलकी होते. लेओव्हिल पहिली दहा वर्षे तुमच्याशी धड बोलत नाही.

1826 पासून बाग एकाच घरात आहे. बोर्दोत हे जितके सोपे वाटते तितके नाही. 1855 च्या यादीतल्या बहुतेक मळ्यांचे मालक तेव्हापासून बदलले; विमा कंपन्या आल्या, बँका आल्या, अब्जाधीश आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य बोर्दोत शिरले तेव्हा मालक होते रॉनल्ड बार्टन. ते इंग्लंडला गेले. मालक शत्रुराष्ट्राचा ठरला असता तर इस्टेट जप्त झाली असती. तेव्हा पुन्हा एक गेस्तिएच मदतीला आले. बार्टन आयरिश आहेत, आयर्लंड तटस्थ आहे, असे त्यांनी जर्मनांच्या गळी उतरवले आणि मळा वाचला. दोन शतकांत दोनदा, त्याच दोन आडनावांत.

रॉनल्ड यांचे पुतणे अँथनी बार्टन 1951 साली, विशीत, आयर्लंडहून तिथे आले. मळा हातात यायला 1983 उजाडले. बत्तीस वर्षे वाट पाहिली, आणि मग 2022 मध्ये जाईपर्यंत ते या वाइनचा चेहराच होते. उंच, देखणे, मिश्कील गृहस्थ. पण माझ्या मनात त्यांच्याबद्दल आदर आहे तो भावांमुळे. बोर्दोची वाइन बहुतांशी पिपात असतानाच विकली जाते. सुगीनंतरच्या वसंतात भाव जाहीर होतो, बाटली हातात यायला आणखी दीड-दोन वर्षे. चांगले साल आले की शेजारपाजारचे मळे भाव दुप्पट करत, आणि अँथनी यांचा आकडा आला की व्यापारी सुटकेचा श्वास सोडत. ज्याला प्यायची आहे त्याला परवडली पाहिजे, एवढा साधा हिशेब. आम्हा हॉटेलवाल्यांच्या यादीत ही वाइन वर्षानुवर्षे टिकली ती त्यामुळे. आज कारभार त्यांची मुलगी लिलियान आणि नातवंडे पाहतात.

जमिनीकडे येऊ, कारण ही बाटली अशी हट्टी का आहे ते तिथे कळते.

बोर्दो शहरातून उत्तरेला निघाले की उजव्या हाताला जिरोंदची रुंद खाडी आणि डाव्या हाताला मळे. हा मेदोक. सतराव्या शतकात डच इंजिनियरांनी चर खणून निचरा करेपर्यंत यातला बराच भाग दलदलीचा होता. मार्गो गाव मागे पडते, मग सँ जुलियाँ, मग पोयाक. सँ जुलियाँत पहिल्या पायरीची एकही वाइन नाही, पण 1855 च्या यादीतले 11 मळे या एवढ्याशा गावात दाटीवाटीने बसले आहेत. उत्तरेच्या हद्दीवर एक ओढा आहे, तो ओलांडला की ‘लातूर’. हो, शातो लातूर. स्पेलिंग वेगळे, उच्चार आपल्याला घरचा. मराठवाड्यातला एक मुलगा माझ्या हाताखाली शिकत होता, त्याला ही वाइन पहिल्या दिवसापासून पाठ.

तिथली जमीन पाहिली तर आपला शेतकरी डोक्याला हात लावेल. गोटेच गोटे. लिंबाएवढे, अंड्याएवढे, मध्ये थोडी वाळू, खाली कुठे चिकणमाती. हजारो वर्षांत नद्यांनी पिरेनीज आणि मासिफ सांत्राल या डोंगरांतून वाहून आणलेले. गहू लावायच्या लायकीची जमीन नाही. पण पाणी साचत नाही, मुळे खोल जातात आणि दिवसा तापलेले गोटे रात्री ऊब देतात. काबेर्ने सोव्हिन्यों हे द्राक्ष उशिरा पिकते, त्याला ही ऊब लागते. म्हणून लेओव्हिल बार्टनच्या सुमारे सव्वाशे एकरांत जवळजवळ तीन चतुर्थांश काबेर्ने सोव्हिन्यों, पाव हिश्श्याच्या आत मेर्लो आणि नावापुरते काबेर्ने फ्राँ.

नाशिककडच्या बागायतदारांना हे सांगताना एक गोष्ट नेहमी गमतीची वाटते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, आणि वाइनच्या द्राक्षाची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये. मेदोकमध्ये त्याच जानेवारीत वेल पाने झाडून, काळाठिक्कर पडून, धुक्यात उभा असतो आणि माणसे कुडकुडत त्याची छाटणी करत असतात. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. वर्षाला एकच संधी. त्यातच पाऊस आला, गारपीट झाली, एप्रिलात हिव पडले, तर ते साल गेले. बाटलीवर साल ठळक छापतात ते त्यासाठी.

तुमचे 2010 कसे? उत्तम. जावयांनी नातीचे साल म्हणून घेतले असेल, पण साल दृष्ट लागण्यासारखे होते. आधीचे 2009 उबदार आणि गोंडस, लवकर मैत्री करणारे. 2010 चा उन्हाळा कोरडा, पण रात्री गार. फळ छोटे, त्याची साल जाड, गोडी भरपूर आणि तरी आंबटपणा टिकून. म्हणजे टिकण्यासाठी जे जे लागते ते सगळे. गार तळघरात असती तर ही बाटली 2031 काय, 2040 लाही ताठ उभी राहिली असती.

टिकण्याचा हा मामला तुरटपणाचा आहे. आपल्या सहा रसांत तुरट आहे हे मला फार सोयीचे पडते. हे शिकवताना मी ‘टॅनिन’ हा शब्द शेवटी काढतो. जांभूळ खाल्ल्यावर जीभ कशी खरखरीत होते? कच्च्या केळ्याची साल दाताखाली आली की तोंड कसे आवळते? लाळेतल्या प्रथिनांना हे तुरट द्रव्य धरून ठेवते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, म्हणून तोंड कोरडे पडते. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत हे द्रव्य असते. लेओव्हिलमध्ये द्राक्षे लाकडी टाक्यांत सालीसकट आंबतात आणि रस काही आठवडे सालीबरोबरच राहतो, त्यातून रंग आणि तुरटी दोन्ही उतरतात. मग 225 लिटरच्या ओक लाकडाच्या पिपांत सुमारे दीड वर्ष. निम्म्याहून अधिक पिपे दरसाल नवी करकरीत, तीही थोडी तुरटी आणि सुवास देतात. कोवळ्या वयात अशी वाइन प्यायली तर हरडा चावल्यासारखे वाटेल. वर्षे जातात तशी ही द्रव्ये एकमेकांना धरून मोठी होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तोंडातली खरखर मखमलीवर येते. ‘मुरणे’ हा आपला शब्द याला चपखल बसतो.

पण लोणचे मुरायलाही बरणी सावलीत ठेवावी लागते.

वाइनला लागते 12 ते 14 अंश, अंधार, थोडी दमट हवा आणि वर्षभर तेच तापमान. पुण्याच्या फ्लॅटमध्ये एप्रिल-मे महिन्यात बेडरूम दुपारी 32-33 अंशांवर सहज जाते, पश्चिमेची भिंत असेल तर आणखी वर. लोखंडी कपाट त्या भिंतीला टेकलेले असेल तर ते कपाट नाही, मंद आचेवरचा कुकर आहे. दर दहा अंशांमागे रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा शाळेतला ढोबळ नियम इथेही लागू. आणि नुसता वेग वाढत नाही, क्रियाही भलत्याच घडतात. ताज्या फळाची चव जाऊन शिजवलेल्या मनुकांची येते. शिवाय द्रव तापला की फुगतो, बुचाला आतून ढकलतो. रात्री आकसला की बाहेरची हवा ओढून घेतो. चार उन्हाळे हे रोज झाले.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी ज्या एका हॉटेलात होतो तिथे एका मे महिन्यात सुट्यांना जोडून वाइनच्या खोलीचा एसी बंद पडला. तीन दिवस कुणाच्या लक्षात आले नाही. नंतर आम्ही एकेक पेटी उघडून तपासायला बसलो. काही वाचल्या, काही नाही. एकाच पेटीतल्या, एकाच सालच्या, शेजारी शेजारी ठेवलेल्या बाटल्यांत एक ठणठणीत, दुसरी गेलेली. बुचाबुचात फरक असतो. म्हणून तुमची बाटली नक्की गेली, असे मी म्हणणार नाही. तपासून बघू.

बाटली उजेडात उभी धरा. वाइनची पातळी मानेत किंवा मान जिथे खांद्याला मिळते तिथवर असेल तर ठीक. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर हवा आत गेली आहे. वरचे आवरण बोटाने फिरवून बघा. सुटे फिरत असेल तर बरे. चिकटून बसले असेल तर खालून वाइन पाझरून वाळली असण्याची शक्यता. बूच आवरणाला वर ढकलून फुगवटा आलाय का, तेही पाहा. या तिन्ही परीक्षांत पास झाली तर आशेला जागा आहे. आजच कपाटातून काढा, वर्तमानपत्रात गुंडाळा आणि फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. फ्रिज हा वाइनचा आदर्श मुक्काम नव्हे, थरथर असते आणि हवा कोरडी, पण काही महिन्यांसाठी तो पुण्याच्या मे महिन्यापेक्षा हजारपट बरा.

आणि मग उघडा. दिवाळी, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, जे पहिले येईल ते. शक्यतो मुलगी-जावई-नात इथे आलेले असताना.

कशी उघडायची ते नीट सांगतो, कारण इथेच चांगल्या बाटल्यांचे हाल होतात. दोन दिवस आधी बाटली उभी करून ठेवा. पंधरा वर्षांचा गाळ तळाला बसू द्या. फ्रिजमधून जेवणाच्या साधारण दोन तास आधी बाहेर काढा. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला पितात’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांचे आहे, जिथे जेवणघर 17-18 अंशांना असे. आपल्याला तेवढेच हवे. पंख्याखालचे 30 नको. बाटली हाताला माठातल्या पाण्याइतकी गार लागली पाहिजे.

बूच काढायला वेटर वापरतात तो दोन टप्प्यांचा ओपनर घ्या. स्क्रू मधोमध, सरळ, सावकाश. जुने बूच मऊ असते. घाई केली की अर्धे हातात, अर्धे बाटलीत. तुटलेच तर घाबरू नका, उरलेले आत ढकला आणि चहाच्या स्वच्छ गाळणीतून ओता. जगबुडी नाही.

बूच निघाल्यावर आधी वास. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा कुबट वास आला तर ती बुचाची खोड, उन्हाळ्याचा त्यात दोष नाही. जगातल्या सर्वोत्तम तळघरातल्या बाटलीतही ती निघू शकते. उकडलेल्या मनुका, काकवी, करपट गोडसर असा वास आला तर ते कपाटाचे काम. आणि दोन्ही नसेल तर अभिनंदन.

मग पाणी वाढायच्या स्वच्छ काचेच्या जगमध्ये ओतायची. जगाला साबणाचा वास नको. एका हाताने सलग, हळूहळू, बाटलीच्या मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरून. मानेत काळसर गाळाची रेघ सरकताना दिसली की थांबा. तळाचे दोन बोटे उरेल, त्याचा मोह नको. चांगल्या तळघरातली 2010 असती तर मी म्हटले असते तीन तास जगमध्ये राहू दे. तुमची बाटली वयापेक्षा जास्त पिकली असणार, म्हणून आधी अर्धा तास, मग घोटभर चाखा. अजून जांभळासारखी आवळत असेल तर आणखी तासभर थांबा. बर्फ नाही. सोडा तर नाहीच.

पेल्यात तिसरा हिस्साच ओता म्हणजे फिरवायला जागा राहील. 750 मिलीत सहाजणांचे आरामात भागते. नाकाला काय लागेल? ब्लॅक करंट, म्हणजे आइस्क्रीममधला नव्हे, त्याचा थोडा आंबूस, गडद भाऊ. शिसपेन्सिलीला टोक काढल्यावर येतो तो लाकडाचा वास. लहानपणीच्या कंपासपेटीत तो हमखास असे. वाळलेली तंबाखू, थोडे चामडे. सँ जुलियाँची ही खूण आहे: पोयाकसारखा करारीपणा नाही, मार्गोसारखा नखरा नाही, मधला मार्ग. आमच्या धंद्यातली जुनी माणसे नव्या मुलाला बोर्दो शिकवायची तर सुरुवात याच गावापासून करतात.

जेवणात गोम आहे. मेदोकमध्ये ही वाइन पोयाकच्या कोवळ्या मेंढीच्या मटणाबरोबर किंवा द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या मांसाबरोबर पितात. मीठ, चरबी, मांस. तुरटीला धरायला प्रथिने मिळाली की ती तुमच्या लाळेचा नाद सोडते. आपण घरी आलेल्या पाहुण्याला मानाने काय वाढतो? झणझणीत मटण. आणि तिथेच दोघांचे भांडण लागते. तिखटाची आग तुरटी आणि अल्कोहोल दोन्ही मिळून भडकवतात, वाइन कडवट लागते, मटणही वाया. तांबडा रस्सा या बाटलीच्या शेजारी ठेवू नका, हात जोडून विनंती. पण कोल्हापूरकरांनीच याचे उत्तर देऊन ठेवले आहे: अळणी मटण. रस्सा करण्याआधी आले-लसूण, हळद, मीठ घालून शिजवलेले ते मटण, जे मुलांना आणि आजारी माणसाला आधी काढून देतात. त्यात तूप आणि थोडी ताजी मिरी घाला. मी ही जोडी एका फ्रेंच पाहुण्याला मुंबईत खाऊ घातली होती. त्याने दुसऱ्यांदा मटण मागितले आणि नाव लिहून घेतले.

तुमच्या पत्रावरून घरात शाकाहारी मंडळीही आहेत असे वाटते. त्यांच्यासाठी लोण्यात परतलेले मशरूम, अक्रोड, जुने मुरलेले कडक चीज. कोकम, चिंच, लिंबू यांच्यापासून लांब. आणि एक गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवा: मेदोकमध्ये पिपातली वाइन नितळ करायला परंपरेने अंड्याचा पांढरा बलक वापरतात, एका पिपाला पाच-सहा अंडी. बलक तुरटीचे कण घेऊन तळाशी बसतो आणि वाइन वरून काढून घेतात. उरलेल्या पिवळ्या बलकांतून बोर्दोचा ‘कानेले’ हा केक जन्मला असे तिथले लोक सांगतात. पाळणाऱ्याने ठरवावे.

बाटली गेलेली निघाली तर? पिऊ नका, पाहुण्यांसमोर तोंड वाकडे करून संपवूही नका. मटणात एक वाटी घाला, मंद शिजवा, बाकीची ओतून द्या. रिकामी बाटली मात्र ठेवा, नातीचे साल आहे तिच्यावर.

चांगली निघाली आणि पेलाभर उरली, तर बूच उलटे लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांत प्या.

आता 2031. जावयांना फोन करा. तुलूझहून बोर्दो दोन-अडीच तासांवर आहे. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांकडे 2010 ची लेओव्हिल बार्टन मिळते, जन्मापासून गार तळघरातून न हललेली. एक घ्यायला सांगा आणि तिथेच ठेवायला सांगा. भाड्याने तळघर देणारे असतात, नाहीतर वाइनचा छोटा फ्रिज घ्यावा. पुण्याला आणू नका म्हणावे. त्या वाढदिवसाला तुम्ही दोघांनी तुलूझला जायचे.

आणि फ्रिजमध्ये ठेवण्याआधी तुमच्या बाटलीतल्या पातळीचा एक फोटो काढून पाठवा. खांद्याच्या खाली असेल तर दिवाळीची वाट बघू नका, या शनिवारीच उघडा.